काचेतून बाहेर पडल्यावर प्रकाशाला वेग कोण देतं?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात प्रकाशावरची सहा पत्रं एकदम आली. सगळी याच अंकात घेते आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त लागेल, कारण त्या प्रश्नाचं माझ्यावर जुनं देणं आहे.

बाई, मी एसटीत अठ्ठावीस वर्षं चालक होतो. आता घरी नातीचा दहावीचा अभ्यास घेतो. पुस्तकात लिहिलंय की प्रकाश काचेत शिरला की त्याचा वेग कमी होतो आणि बाहेर पडला की पुन्हा पहिल्याएवढा होतो. खंबाटकी चढताना गाडीचा वेग पडतो. माथा ओलांडून मी ऍक्सिलरेटर दाबला, डिझेल जळलं, तरच गाडी पुन्हा वेग घेते. मग प्रकाशाचा ऍक्सिलरेटर कोण दाबतं? नात म्हणते, आजोबा, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. – एक वाचक, कराड

सप्रेम नमस्कार. नातीला सांगा, यायला हवा.

मी मिरजेत चौतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी प्रयोगशाळेत एका मुलाने मला हेच विचारलं होतं. फळीवर कागद, कागदावर काचेची चिप, चार टाचण्या खोचलेल्या, आणि तो एक डोळा मिटून पलीकडच्या टाचण्या एका रेषेत आणत होता. तसाच वाकलेला असताना म्हणाला, "मॅडम, बाहेर आल्यावर याला ढकलतं कोण?" मी सांगितलं की काचेतले अणू प्रकाशाला पकडतात, क्षणभर धरतात आणि सोडून देतात. दोन अणूंच्या मधे तो पूर्ण वेगानेच धावतो, फक्त थांबे घेत गेल्यामुळे त्याला उशीर होतो. त्याला ते पटलं. मलाही पटलेलं होतं, कारण मला तसंच शिकवलं गेलं होतं. ते उत्तर चूक होतं हे मला कळायला पुढे सात-आठ वर्षं गेली. तोवर तो मुलगा कॉलेज सोडून गेला होता. तेव्हापासून हा प्रश्न कुणी विचारला की मी घाईत उत्तर देत नाही.

थांब्यांची गोष्ट चूक का, ते आधी पाहू. अणूने प्रकाश गिळून पुन्हा बाहेर टाकला, तर तो आलेल्या दिशेनेच टाकेल असं कुठे आहे? कुठेही टाकेल. मग खिडकीतून समोरचं झाड दिसणार नाही, दुधी काचेतून दिसतो तसा नुसता उजेड दिसेल. शिवाय अणू वाटेल तो रंग गिळत नाही. त्याचे गिळायचे रंग ठरलेले असतात, आणि साध्या काचेतून तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग पार होतात. आणखी एक. प्रकाश म्हणजे काचेच्या फटींतून वाट काढणारी बारीक गोळी, हे चित्रच फसवं आहे. हिरव्या प्रकाशाची एक लाट काचेत जेवढी लांब असते, तेवढ्या लांबीत हजारावर अणू ओळीने बसतात. एवढी लांब लाट एकेका अणूपाशी थांबे घेत कशी जाईल? ती एकाच वेळी हजारो अणूंवर पसरलेली असते.

मग खरं काय घडतं? त्यासाठी मी तुम्हाला आमच्या गावात घेऊन जाते. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात. माझं माहेर सतारमेकर गल्लीला लागून होतं. शाळेतून येताना कारागिरांच्या दारात उभं राहायची मला सवय होती. सतारीला वरच्या, वाजवायच्या तारा असतात आणि पडद्यांच्या खालून गेलेल्या अकरा-तेरा बारीक तारा असतात. त्या तरफेच्या तारा. त्यांना वादक सहसा हात लावत नाही. पण वर गंधार छेडला की खाली गंधाराला लावलेली तरफ आपसूक थरथरते आणि तिचा सूर मूळ सुरात मिसळतो. आपल्याला ऐकू येतो तो या दोन्हींचा मिळून झालेला सूर.

काचेतले इलेक्ट्रॉन या तरफांसारखे आहेत. प्रकाश म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राची लाट. ती सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी वेळा वरखाली होते. काचेत शिरली की ती तिथल्या इलेक्ट्रॉनांना त्याच तालावर हलवते. आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःच एक बारीकशी लाट सोडतो, तालही तोच. काचेच्या एका पातळ थरातल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या लाटा एकत्र आल्या की त्यांचं जे उत्तर पुढे जातं, ते मूळ लाटेच्या पाव लाट मागे असतं. म्हणजे आता पुढे दोन लाटा चालल्या आहेत: एक मूळची मोठी आणि एक मागे राहिलेली लहान.

इथे नातीला आलेखाचा कागद काढायला सांगा. त्यावर एक मोठी लाट काढा. तिच्याखाली तेवढ्याच लांबीची, पण पाव लाट मागे असलेली, अगदी बुटकी लाट काढा. मग जागोजागी दोन्हींच्या उंच्या मिळवून बेरजेची लाट काढा. लाट पहिल्यासारखीच येईल, फक्त तिचा माथा किंचित मागे सरकलेला दिसेल. काचेचा एक थर माथा इतका इतका मागे सारतो, पुढचा थर आणखी थोडा, त्याच्या पुढचा आणखी. असे असंख्य थर ओलांडताना लाटेचा माथा मागे मागे पडत जातो. निर्वातात सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जाणारा माथा काचेत २ लाख किलोमीटरच जातो. पाण्यात तो सव्वादोन लाख जातो, हिऱ्यात जेमतेम सव्वा लाख.

काचेत मंद झाली आहे ती ही बेरीज. मूळ लाटेला ब्रेक लागलेला नाही. इलेक्ट्रॉनांच्या लाटांनाही नाही. लाट काचेच्या दुसऱ्या कडेला पोचली की पुढे उत्तर देणारे इलेक्ट्रॉन जवळजवळ उरत नाहीत, म्हणून माथा मागे सारणंही थांबतं. बाहेरची लाट आपल्या नेहमीच्या वेगाने जाते. तुमच्या गाडीने घाटात ऊर्जा खर्च केली म्हणून तुम्हाला डिझेल जाळावं लागलं. स्वच्छ काचेत प्रकाशाची ऊर्जा फारशी खर्च होत नाही. इलेक्ट्रॉन ती घेतात आणि त्याच तालात परत करतात. ऍक्सिलरेटर कुणी दाबत नाही, कारण ब्रेकवर कुणी पाय दिलाच नव्हता.

सतारीचा दाखला कुठवर न्यायचा तेही सांगायला हवं. सतारीची तरफ वरची तार थांबल्यावरही बराच वेळ गुंजत राहते. काचेतले इलेक्ट्रॉन तसे गुंजत बसत नाहीत, लाट गेली की शांत होतात. पण दाखल्याचा एक भाग मात्र फार खरा आहे. तरफ ज्या सुराला लावली आहे त्याच्या जवळचा सूर वाजला तर ती जास्त हलते, दूरचा वाजला तर कमी. काचेतले इलेक्ट्रॉन 'लावलेले' असतात ते अतिनील प्रकाशाच्या सुराला. आपल्याला दिसणाऱ्या रंगांत जांभळा त्या सुराच्या सर्वांत जवळ आणि तांबडा सर्वांत दूर. म्हणून जांभळ्याला उत्तर जास्त जोरकस मिळतं, त्याचा माथा जास्त मागे पडतो आणि तो जास्त वळतो. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे निर्वातातला वेग काचेतल्या वेगाच्या किती पट तो आकडा, तांबड्यासाठी १.५१ च्या आसपास असतो, जांभळ्यासाठी १.५३. एवढ्याशा फरकावर लोलकाचा सप्तरंगी पट्टा उभा आहे. आणि अतिनीलचा सूर नेमका जुळला की काच तो प्रकाश पार जाऊ न देता शोषून घेते. बंद काचेआड बसून ऊन घेतलं तरी त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, ते यामुळेच. त्यासाठी लागणारा अतिनील भाग काचेतच अडतो.

इलेक्ट्रॉनांचं थोडं उत्तर मागच्या बाजूलाही येतं. रात्री दिवा लावून खिडकीशी उभं राहिलं की काचेत आपण दिसतो, ते हेच मागे आलेलं उत्तर. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश असा परत फिरतो. हा ४ चा आकडा लक्षात ठेवा, शेवटच्या पत्रात तो पुन्हा लागणार आहे.

पाण्यात प्रकाश सावकाश जातो हे गणिताने काढलंय की कुणी खरंच मोजलंय? एवढा वेग मोजायला घड्याळ कुठलं होतं? – एक वाचक, अंबाजोगाई

मोजलंय, आणि विजेचे दिवे घरोघरी येण्याच्या आधी मोजलंय. मला ही गोष्ट सांगायला फार आवडते.

१८४९ साली फ्रान्समध्ये फिझो नावाच्या शास्त्रज्ञाने ७२० दात्यांचं एक चाक घेतलं. पॅरिसजवळ स्युरेन इथल्या घरातून त्याने दिव्याचा झोत चाकाच्या दोन दात्यांमधल्या फटीतून सोडला. तो ८,६३३ मीटर दूर, माँमार्त्रच्या टेकडीवर ठेवलेल्या आरशावर जाऊन परत येत असे. चाक सावकाश फिरवलं तर झोत ज्या फटीतून गेला तिच्यातूनच परत येतो आणि ठिपका दिसतो. वेग वाढवत नेला की एक वेळ अशी येते की झोत जाऊन येईपर्यंत फटीच्या जागी दाता आलेला असतो, आणि ठिपका विझतो. सेकंदाला १२.६ फेऱ्यांना तो विझला. आता हिशोब तुम्हीच करा. फट सरकून दाता यायला चाकाला फेरीचा १,४४० वा भाग फिरायला लागतो. तेवढ्या वेळात प्रकाश १७,२६६ मीटर गेला. उत्तर सेकंदाला ३ लाख १३ हजार किलोमीटर येतं. आजच्या आकड्यापेक्षा पाचेक टक्क्यांनी जास्त. घड्याळ लागलंच नाही, चाकाच्या दात्यांनीच घड्याळाचं काम केलं.

पाण्याचा निकाल पुढच्याच वर्षी लागला. फुको या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगाने फिरणारा आरसा वापरून हवेतला आणि पाण्याच्या नळीतला प्रकाश यांची शर्यत लावली. त्याला पाण्यातला नेमका वेग काढायचा नव्हता, मागे कोण राहतं एवढंच बघायचं होतं. कारण त्यावर मोठा वाद अडला होता. न्यूटनच्या कणांच्या कल्पनेप्रमाणे प्रकाश पाण्यात जास्त वेगाने जायला हवा होता, लाटांच्या कल्पनेप्रमाणे कमी. पाण्यातला प्रकाश मागे राहिला. न्यूटनचं नाव केवढं मोठं, पण पाण्याच्या एका नळीने निकाल त्याच्याविरुद्ध दिला. मुलांना न्यूटनचे नियम पाठ करायला लावताना ही हकिकतही सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आज प्रकाशाचा निर्वातातला वेग मोजायचा प्रश्नच उरलेला नाही. १९८३ पासून तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवूनच टाकला आहे आणि मीटरची व्याख्या त्यावरून केली आहे.

आमचं घर मच्छीमारांचं. मालक रात्री होडी घेऊन जातात, तेव्हा मी पडवीतून तारे बघत बसते. मुलीच्या पुस्तकात आहे की आवाजाला जायला हवा लागते. आकाशात तर वर हवाच नाही म्हणतात. मग व्याधाच्या ताऱ्याचा उजेड इथवर येतो कशातून? आणि एवढ्या लांबून येताना दमत कसा नाही? – एक वाचक, वेंगुर्ला

ताई, हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या डोक्यांना शंभर वर्षं छळत होता.

पाण्याची लाट पाण्यात, आवाजाची हवेत. मग प्रकाशाची लाट कशात? काहीतरी असणारच, असं धरून त्या न दिसणाऱ्या वस्तूला ईथर हे नाव दिलं गेलं. पण ते ईथर विचित्र असायला हवं होतं. एवढ्या प्रचंड वेगाची लाट वाहायची तर ते पोलादाहून ताठ हवं, आणि पृथ्वी त्यातून वर्षानुवर्षं फिरतेय तरी अडत नाही, म्हणजे हवेहून विरळ हवं. १८८७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मॉर्ली यांनी त्याचा माग काढायचं ठरवलं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने जाते, तर ईथरचा वारा आपल्याला लागायला हवा. होडी चालली की वारा नसतानाही तोंडावर वारा लागतो, तसा. त्यांनी प्रकाशाचे दोन झोत काटकोनात पाठवून परत आणले आणि एखादा मागे पडतो का पाहिलं. अपेक्षित होता तेवढा फरक काही मिळाला नाही. ईथरचा वारा सापडला नाही.

उत्तराची निम्मी बाजू त्याआधीच, १८६० च्या दशकात, मॅक्सवेल यांनी दिली होती. बदलत्या विद्युत क्षेत्रातून चुंबकीय क्षेत्र उभं राहतं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून विद्युत क्षेत्र. दोघं एकमेकांना उभं करत पुढे जातात. या लाटेचा वेग त्यांनी फक्त विजेच्या आणि चुंबकाच्या मोजमापांवरून काढला, तर तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी पुढचं सांगितलं की ईथरची गरजच नाही. प्रकाशात हलतं ते क्षेत्र, आणि क्षेत्राला उभं राहायला खाली पाणी किंवा हवा लागत नाही. हे पचायला जड जातं. मला विद्यार्थिदशेत गेलं होतं. पण रोज सकाळी सूर्याचं ऊन १५ कोटी किलोमीटरच्या पोकळीतून ८ मिनिटं २० सेकंदांत तुमच्या पडवीत उतरतं. मासळी सुकते ती त्याच उन्हात.

आता दमण्याबद्दल. प्रकाश दमत नाही, पसरतो. अंतर दुप्पट झालं की तोच उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून फिका दिसतो. व्याधाचा जो प्रकाश तुम्ही बघता तो साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला असतो. अंधाऱ्या रात्री देवयानी तारकासमूहात एक धुरकट ठिपका दिसतो, तिथला उजेड २५ लाख वर्षं चालत आलेला आहे. वाटेत त्याला वेग टिकवायला काहीही करावं लागलेलं नाही.

मात्र आकाश अगदी रिकामं नाही, हेही सांगते. ताऱ्यांच्या मधल्या जागेत घनसेंटिमीटरला सरासरी एखादा अणू असतो, आणि मोकळे इलेक्ट्रॉन त्याहूनही विरळ. पण ते असतात, आणि कराडच्या वाचकांना सांगितलं तसं तेही उत्तर देतात. दिसणाऱ्या प्रकाशावर त्याचा परिणाम नगण्य, लांब लहरींच्या रेडिओ तरंगांवर मात्र मोजण्याएवढा. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती बघायला लोकांची रीघ लागते. मीही मुलींना घेऊन गेले आहे. तिथे स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजे गरगर फिरताना रेडिओ तरंगांचे नियमित ठोके देणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके टिपतात. वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघात असा एक तारा सेकंदाला तीसएक वेळा फिरतो. त्याचा एकच ठोका १,४०० मेगाहर्ट्झवर आधी ऐकू येतो आणि ४०० मेगाहर्ट्झवर जवळजवळ १.३५ सेकंदांनी उशिरा. निघाले दोन्ही एकदमच. साडेसहा हजार वर्षांच्या प्रवासात हा सव्वा-दीड सेकंद मागे पाडला तो वाटेतल्या विरळ इलेक्ट्रॉनांनी, शंभर घनसेंटिमीटरला तीनेक अशा. त्या उशिरावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते मोजता येतं, आणि इलेक्ट्रॉनांची दाटी ठाऊक असली तर ताऱ्याच्या अंतराचा अंदाजही येतो. खोडदच्या शेतांमध्ये उभं राहून मुलींना हे सांगताना माझा आवाज दरवेळी कापरा व्हायचा.

मुलगा न्यू जर्सीत असतो. व्हिडिओ कॉलवर त्याचं बोलणं किंचित उशिरा येतं. प्रकाशाच्या वेगाने जातं म्हणतात, मग उशीर का? – एक वाचक, सांगली

कारण तो प्रकाश काचेतून जातो. तुमचं बोलणं समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातं. त्यातल्या बऱ्याच मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. आत केसासारखे काचेचे तंतू असतात, आणि काचेतला वेग सेकंदाला २ लाख किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ मोजलं तरी साडेबारा हजार किलोमीटर होतं. जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग निव्वळ काचेतल्या प्रवासात जातो. केबल सरळ नसते, वाटेत यंत्रं असतात, चित्र बांधायला आणि सोडवायला वेळ जातो, तो वेगळा.

मला मात्र त्या उशिरापेक्षा त्या काचेचं अप्रूप जास्त वाटतं. तुमच्या टेबलावरच्या काचेची कड बघा, हिरवट दिसते. काचेतल्या लोहाने प्रकाश खाल्लेला असतो म्हणून. तसल्या काचेतून काही मीटर पलीकडचंही धड दिसणार नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवून दिलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. १ किलोमीटरनंतर १ टक्का जरी उजेड उरला तरी तंतूतून संदेश पाठवणं परवडेल, असं ते म्हणत. आजच्या चांगल्या तंतूत १ किलोमीटरनंतर ९५ टक्के उजेड उरतो. काव यांना २००९ चं नोबेल मिळालं. काच पुसत पुसत माणसाने तुमचा मुलगा समोर आणून बसवला आहे.

प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही, हे पाण्यातही खरं का? – बारावीचा एक विद्यार्थी, लातूर

नाही, आणि तू पाण्याचं विचारलंस हे फार चांगलं केलंस. ओलांडता येत नाही तो निर्वातातला वेग. पाण्यात प्रकाश सव्वादोन लाखांवर आलेला असतो. तिथे एखादा जोरकस इलेक्ट्रॉन त्याच्या पुढे निघून जाऊ शकतो. तसं झालं की बोटीच्या नाकाशी पाणी फाकून लाटेचा कोन होतो तसा प्रकाशाचा कोन तयार होतो, निळसर रंगाचा. याला चेरेंकोव्ह प्रारण म्हणतात, १९५८ चं नोबेल त्यावर आहे. एमएस्सीला असताना आम्हाला ट्रॉम्बेला 'अप्सरा' अणुभट्टी पाहायला नेलं होतं. १९५६ साली सुरू झालेली, पाण्याच्या तलावात बुडवलेली भट्टी. कठड्यावरून खाली वाकून पाहिलं तर तळाशी निळा उजेड स्थिर होता. तो रंग मी नंतर दुसरीकडे कुठे पाहिला नाही. लडाखात हानले इथे 'मेस' नावाची दुर्बीण आहे, ती असाच प्रकाश हवेत शोधते.

बाई, खडीसाखर आरपार दिसते. पण मी ती खलबत्त्यात कुटली तर पांढरी पीठ झाली. तिच्यात पांढरा रंग कुठून आला? आई म्हणाली पत्र लिही. – सातवीतली एक मुलगी, सोलापूर

बाळ, आईला माझा नमस्कार सांग. रंग कुठूनच आला नाही.

वर मी कराडच्या आजोबांना सांगितलं की प्रकाश हवेतून काचेत शिरताना शंभरातले ४ भाग परत फिरतात. साखरेचंही साधारण तसंच आहे. खडीसाखरेच्या खड्याला मोजके पृष्ठभाग असतात, म्हणून थोडाच उजेड परत येतो, बाकीचा पलीकडे जातो. तू तो खडा कुटलास तेव्हा त्याचे हजारो बारीक कण झाले आणि कणाकणांमध्ये हवा शिरली. आता उजेडाला हवेतून साखरेत, साखरेतून हवेत, पुन्हा साखरेत असं सारखं जावं लागतं. प्रत्येक वेळी थोडा परत फिरतो, थोडा वळतो. शेवटी जवळजवळ सगळाच इकडेतिकडे विखुरून तुझ्या डोळ्यांकडे येतो. सगळे रंग सारखेच येतात, म्हणून पीठ पांढरं दिसतं. मीठ, रांगोळी, बर्फाचा चुरा, सगळ्यांचं हेच.

भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो आणि तिथून पलीकडचं दिसायला लागतं, ते याच्या उलट आहे. कागदाच्या धाग्यांमधली हवा तेलाने हाकलली. तेलातला आणि धाग्यातला प्रकाशाचा वेग जवळजवळ सारखा, म्हणून उजेड परत फिरायला जागाच उरत नाही.

आता एक कर. बशीत चमचाभर पिठीसाखर घे आणि तिच्यावर गोड्या तेलाचे सात-आठ थेंब सोड. पाणी नको, साखर विरघळेल. तेल पडलं तिथला पांढरेपणा उतरेल आणि बशीची नक्षी दिसायला लागेल. मग शाळेतल्या बाईंकडून बोरोसिलची एक परीक्षानळी मागून घे. एका काचेच्या पेल्यात सूर्यफुलाचं तेल भर, नळी आत सोड आणि नळीतही तेल भरू दे. तेलाचा अपवर्तनांक १.४७ आणि त्या काचेचाही १.४७ च. नळी तेलात बुडेल तिथपर्यंत दिसेनाशी होईल. बोट घालून चाचपलीस तर हाताला लागेल. साधी बांगडी टाकलीस तर ती अशी पुरती नाहीशी होणार नाही, तिची काच वेगळी, १.५२ ची. आधी नळी टाक, मग बांगडी, आणि कुणाची कड किती दिसते ते वहीत काढून मला पाठव.